टेकाडापलीकडचा दुसरा

सुएझ कालव्याकडे निघालेल्या ऑस्ट्रेलियन पायदळातले दोन शिपाई वाळवंटात मागे पडले होते. १९१६ सालचा उन्हाळा तोंडावर होता. त्यांना शोधायला इंग्रजांच्या मदतीला आलेल्या निजामाच्या रिसाल्यातून बीडकडची दोन माणसं निघाली: धर्मापुरीचे दफेदार अर्जुनराव आणि घोड्यांची निगा राखणारा शिरूर कासारचा बंकट.

"आसलं ऊन तर आमच्या गावाला रोजच हाय!" बंकटने निघताना फुशारकी मारली. दुपारपर्यंत ती जिरली. वारा सुटला की पावलांच्या खुणा पुसून जात, आणि घोड्यांचे पाय वाळूत रुतत होते. एका उतारावर घात झाला. बंकटचं घोडं घसरलं! कोलमडलं! शिपायांसाठी नेलेली पाण्याची पखाल त्याच्या अंगाखाली फुटली. घोडं लंगडत उठलं.

"आता काय उरलं बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"माजा फिरकीचा तांब्या हाय. भरलेला."

"त्येवढ्यात त्या दोघा शिपायायला पुरवायचं. आपून कोरडं."

दफेदार टेहळणीला टेकाडावर चढले. खाली एका झुडपाशी बंकटला पहिला शिपाई सापडला. ओठ फुटलेले, जीभ सुजलेली.

बंकटने तांब्याचं फिरकीचं झाकण काढलं. परक्याला पाणी द्यायचं ते वरून, ओंजळीत. आपल्या भांड्याला त्याचं तोंड लागू द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने तांब्या उंच धरला. शिपायाच्या बोटांत जोर नव्हता, धार सगळी वाळूत चालली. तो धडपडत उठला आणि त्याने तांब्यालाच तोंड घातलं.

बंकटने हात मागे घेतला! हिसका बसला! तांब्या पालथा झाला!

"तोंडाला लाव की बे!" वरून अर्जुनराव ओरडले. तोवर शिपाई ओली वाळू चोखत होता. तळाशी राहिलेले घोट बंकटने ओठांना तांब्या लावूनच पाजले. आता विटाळ आठवला नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

तेवढ्यात दूरच्या टेकाडांपलीकडे बंदुकीचा बार झाला. दुसरा शिपाई जिवंत होता!

"दफेदारसाब, मी एकला जातो."

"पाणी कुटं हाय? त्येच्या तोंडात काय वाळू घालतो? लंगडं घोडं, वर हे वाळूचं वादळ उटायलंय. तू बी मरशील. ह्यो एक तरी जगवू."

खरंच होतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं. धडधाकट घोड्यावर शिपायाला बांधून दोघे पायी परतले. वाटेत मागून आणखी एक बार ऐकू आला. बंकटने वळून पाहिलं नाही. वळला असता तर त्याचे पाय तिथेच राहिले असते.

वादळ निवल्यावर दुसरी तुकडी गेली. तिने त्या दुसऱ्या शिपायाला आणलं, पण पुरायलाच.

दवाखान्याच्या तंबूत वाचलेल्या शिपायाने बंकटचा हात छातीशी धरला. या माणसाने स्वतःचं पाणी मला दिलं, असं तो खुणांनी सगळ्यांना दाखवत राहिला. लोकांनी बंकटची पाठ थोपटली. पाणी आपल्याच हिसक्याने सांडलं, हे त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण त्यांची भाषा येत नव्हती.

आणि आली असती तरी आपण गप्पच बसलो असतो, हे बंकटला तिथेच कळलं.