न पोचलेला परतावा

टिंग...

जेवणाच्या टेबलाभोवती मघापासून साचून राहिलेली शांतता त्या एवढ्याशा आवाजानं तडकली. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला, मांडीवरच्या शालीखालून सासऱ्यांचा जुना फोन काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि आलेला मेसेज अंगठ्यानं पुसून टाकून फोन पुन्हा शालीखाली सरकवला. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी तो फोन रोज चार्ज होत होता, रोज मऊ कपड्यानं पुसला जात होता. घरात त्याला हात लावायची मुभा दुसऱ्या कोणालाही नव्हती.

"हं, तर मी काय म्हणत होते..." सासूबाईंनी सुनेकडे न पाहता पाण्याचा घोट घेतला. "सरकार खोटं बोलत नाही. पैसे पाठवले म्हणतंय, म्हणजे पाठवलेत. मग ते गेले कुठे?"

नवऱ्यानं आपला मोबाईल टेबलावर तिच्यापुढे सरकवला. कर खात्याच्या पानावर हिरव्या अक्षरांत एकच ओळ होती. *परतावा पाठवण्यात आला आहे.* कितीतरी महिने त्याच जागी 'प्रक्रिया सुरू आहे' हे शब्द होते, आणि ती रोज सकाळी दूध तापायच्या आत ते पान उघडून बघायची. आता शब्द बदलले होते, पण पैसा आला नव्हता... आणि नेमक्या त्या बदललेल्या शब्दांनीच तिला चोर ठरवलं होतं.

"माझं ते बँकेचं खातं उघडतच नाहीये हो," ती म्हणाली. "पासवर्ड टाकला की बाहेर फेकतं."

"बरं जमलं," सासूबाई म्हणाल्या. "पैसे यायच्या वेळेलाच खातं रुसलं."

"आई, राहू दे ना," नवरा पुटपुटला. पण मग त्याचा आवाज आणखी खाली गेला. "अगं, दिले असशील तुझ्या बाबांना तर सांगून टाक. मी काय खाणार आहे का तुला? निदान कळू तरी दे."

तो असं ओरडून म्हणाला असता तर तिला सोसलं असतं. तो ते समजूत घातल्यासारखं म्हणाला... आणि तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. शेजारी बसलेली पाच वर्षांची लेक एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत ताटलीतले वाटाणे एकेक करून काठावर लावत होती.

तो पैसा तरी कुठला होता? रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि त्या कामावर तिचा जीव होता. काचपट्टीवरचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्या थेंबाच्या मालकाची सगळी हकीकत तिला दिसायची. मग एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा महिने कोणीतरी चोवीस तास जवळ हवं. कोणीतरी म्हणजे कोण, हे घरात कोणी विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही. राजीनामा लिहिला, गळ्यातली सोन्याची साखळी मोडून खुब्यातल्या धातूच्या सांध्याचे पैसे भरले, उरलेल्या खर्चाचं कर्ज नवऱ्याच्या पगाराला चिकटलं, आणि ती घरी बसली. बसली कसली... उभीच राहिली! बेडपॅन, मालिश, कूस बदलणं, पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. आज सासूबाई काठी टेकत घरभर फिरत होत्या, त्यामागे तिच्या दोन हातांची सालं गेली होती.

वर्षभर नोकरी असेल असं धरून कंपनीनं तिच्या पगारातून कर कापला होता. नोकरी अर्ध्यावरच सुटली, तेव्हा तेवढा कर लागतच नव्हता. नवऱ्यानं विवरण भरलं त्या संध्याकाळी तो किती खूष होता! "अगं, हे तर सगळं परत मिळणार तुला. यातून तुझ्या बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकू." हे शब्द त्याचेच होते. तिनं मागितले नव्हते.

तिच्या वडिलांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की थेंबांवर काही दिवस निभावेल, पण ऑपरेशन फार लांबवू नका. जेवढं दिसतंय तेवढं वाचेल, गेलेलं मात्र परत येणार नाही.

म्हणून ती कर खात्याच्या हेल्पलाईनला फोन करायची. सासूबाईंचे पाय चेपताना मोबाईल खांद्याला लावून तेच ते वाजणारं संगीत ऐकत राहायची. शेवटी कोणीतरी लाईनवर यायचं. "मॅडम, प्रक्रियेला वेळ लागतो. काहींचा लवकर होतो, काहींची तपासणी लागते. वाट बघा."

"पण आता 'पाठवला' असं दिसतंय."

"मग बँकेत विचारा."

बँक होती प्रयोगशाळेजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना एकटं टाकून अर्धा दिवस जायचं म्हणजे आणखी एक आरोप ओढवून घेणं.

त्या रविवारी ती लेकीला घेऊन वडिलांकडे गेली. बाजारपेठेच्या तोंडाशी जिन्याखाली त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस आणि एक कानस मावेल एवढी खोबण. ते किल्ली कानसत बसले होते. दर दोन हातांनंतर थांबून किल्लीच्या दातांवरून बोट फिरवत होते.

"बाबा, दिवा तरी लावा की."

"कुलपाला दिव्याचं काय काम? आत अंधारच असतो." ते हसले. "बोटांना दिसतं मला. ये गं माझ्या चिमणे, कुठेयस तू?"

चिमणी त्यांच्या समोरच उभी होती.

लेकीनं कौतुकानं आपलं चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, बाजूला वळवलं. "वा! काय छान घर काढलंस. खिडक्यासुद्धा आहेत."

"आबा, ही होडी आहे."

"तेच ते... होडीतलं घर," ते घाईनं म्हणाले.

फळीवर थेंबांची बाटली होती, तिनं उचलून हलवली. ही बाटली तिनंच आणून दिली होती, आणि आतापर्यंत ती कधीच रिकामी व्हायला हवी होती. बाटली अजून अर्धी भरलेली.

"बाबा, रोज घालता ना?"

"घालतो की. एक दिवसाआड घातलं तरी चालतं. महाग आहेत गं ते थेंब." मग थांबून, हातातली किल्ली चाचपत ते म्हणाले, "तुझे ते सरकारचे पैसे आले की करू ना ऑपरेशन. घाई नाही. तू त्यांच्या घरात माझ्यावरून तोंड उघडू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं आणि थेट कर कार्यालय गाठलं. खिडकीपलीकडे तिच्याच वयाची एक बाई होती, टेबलावर डबा उघडा, एक डोळा घड्याळाकडे. पण पडद्यावर माहिती आली तशी तिनं डबा बंद केला.

"तुमचा परतावा आम्ही पाठवला होता. बँकेनं परत केला."

"परत केला?"

"पगाराचं खातं होतं ना ते? पगार यायचा थांबला, खात्यात काही हालचाल नाही, म्हणून त्यांनी बंद केलं असेल. बंद खात्यात पैसे कसे जाणार? ते आले आमच्याकडे परत. पानावर मात्र 'पाठवला' तसंच राहतं, ही आमच्याकडची रड आहे." तिनं आवाज मऊ केला. "पण आम्ही कळवलं होतं तुम्हाला. दुसरं खातं द्या म्हणून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तुमचं उत्तरच नाही, म्हणून प्रकरण तसंच पडून आहे."

"मला एकही मेसेज आला नाही हो."

बाईनं नोंदवलेल्या मोबाईलचे शेवटचे आकडे वाचून दाखवले.

ते आकडे तिला पाठ होते. घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक कागदावर तोच नंबर असायचा. सासरे म्हणायचे, 'पोरं नंबर बदलतात, माझा बदलणार नाही. घराचा नंबर एकच.' आणि त्यांच्या मागेही कोणी तो बदलला नव्हता. बदलणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा घराबाहेर काढल्यासारखं वाटलं असतं सगळ्यांना.

नवीन खात्याचे आकडे आणि स्वतःचा मोबाईल नंबर देऊन, सही करून ती घरी आली तेव्हा नवरा आलेला होता. सासूबाई खुर्चीत होत्या. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"आई, बाबांच्या त्या फोनवर मेसेज येतात ना, ते कसले असतात?"

"कसले म्हणजे? चोरांचे." सासूबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी अभिमान उमटला. "माझ्या भावजयीला नाही का फसवलं फोनवरून? तेव्हाच यानं मला शिकवलं. आकडे असलेला, बँक, खातं, पैसे असलं काही लिहिलेला मेसेज आला की वाचायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, पुसून टाकायचा. मी एक ठेवला नाही. त्यांच्या फोनमधून एकही चोर घरात येऊ दिला नाही मी."

नवऱ्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. त्याला आधी कळलं.

तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, खिडकीतल्या बाईनं सांगितलं तसंच. बोलता बोलता तिला जाणवलं की या क्षणाची तिनं मनात किती वेळा तयारी केली होती... आपण निर्दोष ठरू, सगळे माना खाली घालतील, आणि आपण मनसोक्त रडू. आता माना खाली गेल्या होत्या, आणि तिला एक थेंबही रडू येत नव्हतं.

"म्हणजे ते... मीच?" सासूबाईंचा हात शालीत फोन चाचपत राहिला. "मला वाटलं, मी राखण करतेय. त्यांच्या माघारी निदान एवढं तरी..."

"तू नाही आई. शिकवलं मी," नवरा म्हणाला. "आणि जाब मात्र हिला विचारला." तो तिच्याकडे वळला. "मला माफ..."

"माझ्याशी नंतर बोला," ती म्हणाली. "आधी माझ्या बाबांना दवाखान्यात न्यायचंय."

सासूबाई काठी न घेता उठल्या. भिंतीला धरून कपाटापर्यंत गेल्या आणि आपल्या सोन्याच्या बांगड्या तिच्या हातावर ठेवल्या. "मोड. पैशांची वाट बघू नकोस. तुझी साखळी माझ्या हाडात आहे, हे माझ्या डोक्यात का राहिलं नाही गं?"

दुसऱ्याच दिवशी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मग खुर्ची मागे सरकवली. एक डोळा गेला होता. दुसऱ्यात मधोमध किल्लीच्या भोकाएवढं काही उरलं होतं, तेही धुरकट. ऑपरेशन करू म्हणाले, निदान तेवढं टिकावं म्हणून. गेलेलं येणार नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, जणू ते आधी सांगितलंच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर सासूबाई तिच्या वडिलांशेजारी बसल्या. एवढ्या वर्षांत त्या त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या.

"तुमचे डोळे मी पुसून टाकले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो कडक आवाज मधेच फुटला. "आणि वर तुमच्या लेकीला चोर म्हटलं."

वडिलांनी चाचपडत त्यांच्या काठीची मूठ शोधली आणि त्या मुठीवर हात ठेवला. "तुमचं हाड जुळलं ना? मग झालं. पोरीच्या हातचं काही वाया गेलं नाही." जरा थांबून ते म्हणाले, "आणि मी तरी कुठे खरं बोललो? दिसतंय, दिसतंय म्हणत राहिलो. तिला सासरी ऐकून घ्यावं लागू नये म्हणून गप्प बसलो, आणि तिला ऐकून घ्यावंच लागलं."

सासूबाई पदरात तोंड लपवून रडत राहिल्या. ती दोघांच्या समोर उभी होती. पुढे होऊन तिनं सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला, जसा खुब्याच्या त्या दिवसांत रोज ठेवायची तसाच. हाताला सवय होती, म्हणून तो गेला. मन मात्र मागे, दाराशीच थांबलं होतं... आणि ते कधी येईल, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन झालं. वडील आता तिच्याच घरी राहायला आले. सासूबाईंनीच हट्ट धरला. सकाळी त्या स्वतः उठून वेळच्या वेळी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायच्या, एक थेंब गालावर आणि एक डोळ्यात. नवरा कामावरून आला की तिच्या वडिलांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचा. घरात कोणी कोणाला लागेल असं बोलत नव्हतं. सगळे इतके जपून वागत होते, की त्या जपण्याचाच तिला कधीकधी वीट यायचा.

आणि मग एका सकाळी दूध तापत असताना तिच्या स्वतःच्या मोबाईलवर मेसेज आला. तिनं वाचला. परतावा जमा झाला होता, पूर्ण रक्कम, वर थोडं व्याजसुद्धा... उशिरासाठी.

नवरा म्हणाला, "आले?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आले का गं?" तिनं नुसती मान हलवली. पलीकडच्या खोलीतून वडिलांचा आनंदी आवाज आला, "चला, सरकारनं शब्द पाळला."

दूध उतू गेलं. ती गॅस बंद करून ओट्यापाशी तशीच उभी राहिली. लेक केव्हा येऊन तिच्या गाऊनला बिलगली, तिला कळलं नाही.

"आई, हरवलेले पैसे परत आले?"

"हो बाळा, आले."

"उशीर झाला, पण आले ना?"

"हो."

लेकीनं आजोबांच्या खोलीकडे पाहिलं, जराशी विचारात पडली, आणि मग त्या घरानं पैशांबद्दल इतके दिवस रोज विचारलेला प्रश्न तिनं आपल्या लहानशा आवाजात विचारला.

"मग आबांचं दिसणं परत यायला अजून किती दिवस लागतात?"