दारातली पिवळी पट्टी

ताई, तुम्ही बाहेरच्या खोलीतच बसा. बाबांना सांभाळायचा आज पहिला दिवस तुमचा, आधी सगळं समजून घ्या, मग बाबांकडे जा. मी सांगते, इथूनच, त्यांच्या खोलीच्या दारातून.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बस चालवली. कंपवात झाला तेव्हा हसून म्हणाले, "सूनबाई, गाडी ठणठणीत आहे, डिझेलची नळी तेवढी तुंबली." डॉक्टरांनी समजावलं तेही जवळपास तसंच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या हाती निरोप धाडतात. हालचालीचा निरोप नेणारं डोपामीन बाबांच्या मेंदूत फार कमी बनतं. पाय धडधाकट आहेत, पण 'उचल' हा निरोपच त्यांच्यापर्यंत जात नाही. मोकळ्या खोलीत बाबा चालायचे, दारात आले की जागीच खिळायचे.

डॉक्टर म्हणाले, दारात जमिनीवर ठळक पट्टी चिकटवा. ती ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. म्हणून मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने रंग न विचारताच पिवळं रीळ पुढे ठेवलं. "तुमच्या घरात आधी राहायच्या त्या बाईही हेच न्यायच्या," म्हणाला. आमचं घर भाड्याचं. मी काही मनावर घेतलं नाही.

उंबऱ्याबाहेर पट्टी लावली आणि बाबा खरंच चालू लागले. पण दुपारी डोपामीनच्या गोळीचा अंमल उतरला की पट्टीचाही उपयोग नसायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला. तेव्हापासून बाबा दाराशी येऊन अंग चोरायला लागले.

"कोण आहे, बाबा?"

"बाई आहे. दारातच उभी... हलत नाही."

डॉक्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. गोळी जास्त झाली की कोणी न धाडलेले निरोपही मेंदूला पोचतात, नसलेली माणसं दिसतात. डोस कमी केला. बाई गेली, पण बाबांचं लाकूड झालं. गालावर माशी बसली तरी हात उठेना, डोळ्यांतून नुसतं पाणी. मला ते बघवेना. मीच डॉक्टरांच्या मागे लागून डोस पुन्हा वाढवून घेतला.

बाई परत आली. या वेळी मलाही दारात वास येऊ लागला. जुन्या, उन्हात तापलेल्या गोंदाचा वास.

"सूनबाई," बाबा एकदा हलक्या आवाजात म्हणाले, "ती अडवत नाहीये गं. तीही माझ्यासारखीच अडकलीय. तिलाही एक पट्टी लाव की."

म्हातारपणी कशाला मन मोडायचं, म्हणून मी लावली. उंबऱ्याच्या आत, तिच्या पायापुढे येईल अशी. चिकटवून उठले तर बाबा पलंगाजवळच्या स्टुलाकडे बघून हसत होते. "आली. बसली बघ."

दुसऱ्या दिवशी बाबा दारातून सरळ चालत गेले, पट्टीकडे न बघता. मला इतका आनंद झाला, काय सांगू. आता कशाला हव्यात म्हणून दोन्ही पट्ट्या मी आज सकाळी खरवडून टाकल्या.

आणि मघाशी त्यांची दुपारची गोळी घेऊन इथवर आले, तर पाय उचलेना. बाहेरचं दार उघडंच होतं म्हणून बरं, नाहीतर तुम्हाला घरात घ्यायलाही मी येऊ शकले नसते. बाबांना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहून अंग चोरलं. मग स्टुलाकडे वळून म्हणाले, "सूनबाई, बघ गं... दारात कोण बाई उभ्या आहेत."

सूनबाई मी आहे हो, ताई. मला फार भीती वाटतेय.

बाबा माझ्याखेरीज कोणाच्या हातून गोळी घेत नाहीत. आत्ता स्टुलावरच्या तिच्या हातून घेतली. पाण्याचा घोट ऐकलात ना तुम्ही? गोळी तर माझ्या मुठीत आहे, घामाने विरघळत चाललीय.

रीळ तुमच्या शेजारी खिडकीत आहे. एकच तुकडा फाडा आणि इथे, माझ्या पायापुढे चिकटवा. त्यासाठी जरा दारात यावं लागेल तुम्हाला... या ना.