उलटा पीळ

बसा बाई. ताई बाहेर गेलीय तेच बरं झालं, ती येईस्तोवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट प्रेमाची आहे, पण तिच्यात प्रेमापेक्षा संशयच जास्त. मी शाळेत मागच्या बाकावरचा, पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

माझी भाची तर तुमच्याच वर्गात शिकलेली. आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलत विचारते, "असं बरं दिसतं, की असं?" तिनं हौसेनं एका गिऱ्हाईकाकडून जुना अँप्लिफायर घेतला आणि दोन मोठे स्पीकर. घरी लावले, तर आवाज असा की गाणारी शेजारच्या घरात बसलीय आणि मधे भिंत आहे. कुणीतरी म्हणालं, वायरी हलक्या आहेत, भारीतल्या घाल.

गेलो स्पीकर-वायरीच्या दुकानात. मीही सोबत, कारण तीस वर्षं लेथवर काढलेली, लोखंड-तांबं मला कुणी शिकवायचं नाही. काउंटरमागं एक सडपातळ माणूस. गळ्यात वायर, शिंप्याच्या गळ्यात टेप असते तशी.

"सगळ्यात भारी केबल दाखवा," भाची म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? विकायची नाही का तुम्हाला?"

"विकायची आहे. पण आधी घरातली बघतो. पोट न दाबता औषध कसं देऊ?"

"आणि पोट दाबायची फी?"

"दुखत नसेल तर फी नाही."

ती हसली नाही. पण बाहेर पडताना वळून बघितलं तिनं... मी पाहिलं. रस्त्यात म्हणाली, "मामा, हा माणूस लबाड वाटतो." मलाही तेच वाटलं. माल न खपवणारा दुकानदार म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंयच.

तो घरी आला. स्पीकरमागं गुडघे टेकले आणि नुसतं "हं" म्हणाला. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागलेल्या. "एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो," म्हणाला. "एकच कपाट नवऱ्यानं इकडं न् बायकोनं तिकडं ओढावं तसं." सुलट्या केल्या, आणि काय सांगू, गाणारी दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मधे येऊन उभी राहिली. कोण आलं म्हणून ताई स्वयंपाकघरातून डोकावली.

वायर बारीक होती, तिच्या जागी त्यानं साधी जाड तांब्याची घातली. भाची हटून बसली, चांदीचा मुलामा असलेली महागाची केबल का नाही? त्यानं तीही पिशवीतून काढली. "डोळे मिटा. असं बरं, की असं?"

"हे माझं वाक्य आहे."

"आज उसनं घेतलंय. सांगा."

"...दुसरं."

"दोन्ही वेळा साधीच होती. मी बदललीच नाही."

डोळे मिटलेलेच होते तिचे, पण कान लाल झाले. "लबाडच आहात," म्हणाली.

पंधरा दिवसांनी आवाज पुन्हा पातळ. तो आला. वायरी पुन्हा उलट्या. माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, झाडू मारताना काढता का?" म्हणलं, झाडू मी मारत नाही आणि मी तुझा मामा नाही. महिन्यानं परत तेच. आता घरात जो तो दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. त्याचा संशय माझ्यावर. ताईचा त्याच्यावर: "स्वतःच कच्चं काम करतो. एक दिवस ती महागाची केबल गळ्यात मारेल." आणि माझा? माझा सगळ्यांवर.

रविवारी दुपारी ताई बाजारात गेली. मी तोंडावर पेपर टाकून पडलो, एक डोळा उघडा. भाची आली. ओठात केसांची पिन. स्पीकरमागं बसली, वायरी सोडवल्या, इकडची तिकडं केली, बोटांनी पीळ देऊन घट्ट बसवल्या. मग फोन लावला. "अहो... आवाज परत गेलाय. तुमचं कामच कच्चं."

'अहो' सगळेच म्हणतात, बाई. पण हा 'अहो' केवढा लांबला. पेपराखाली मी श्वास धरून पडलो.

तो आला. वायरीचं टोक नखानं उलगडून बराच वेळ बघत बसला. मग हळूच म्हणाला, "तांब्याच्या तारा उलट्या पिळल्यात. डावखुरा माणूस पिळतो तशा."

तिनं हात पाठीमागं घेतले.

"मामा उजवे. काकू उजव्या. पावतीवर सही मात्र तुम्ही... डाव्या हातानं केली होती."

"मग लिहा तक्रार."

"कारण काय लिहू?"

"वायर आखूड आहे," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्या दुकानापासून इथवर पोचत नाही."

"लांबीची आणू?"

"वायर नको... तुम्हीच या."

मला खोकला आवरेना हो. आणि नेमकी तेव्हाच ताई दारात. बघते तर हा वायरी हातात घेऊन बसलेला, आवाज बंद, पोरगी लालेलाल. "सापडलास," म्हणाली. "आता कळलं वायरी कोण उलट्या लावतं."

त्यानं बोलायला हवं होतं की नाही? भाचीनं तोंड उघडलं, तर यानंच मान हलवून तिला थांबवलं. "चुकलं, काकू," म्हणाला, आणि चपला घातल्या. मी जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणतो, "मामा, पोरीला आईसमोर खाली बघायला लावू?"

संध्याकाळी भाचीनं स्वतः सांगितलं, मीच करत होते. ताई म्हणाली, "बघ, त्याच्यासाठी खोटंही बोलायला लागली." मी सांगितलं, तर, "तूही त्याला मिळालास." खऱ्याची वाटच बंद. त्याला घरात पाऊल टाकायला मनाई. आणि पोरीनं लांबच्या शाखेत बदली मागितलीय. सोमवारी सही केली की गेली. जेवताना दोघी एकमेकींना मीठसुद्धा मागत नाहीत, मलाच सांगतात.

ताई माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते, तुम्हाला मानते. तुमच्या टेपरेकॉर्डरचा एक स्पीकर दोन वर्षं बोलत नाही म्हणता ना? शनिवारी दुपारी त्याला दुरुस्तीला बोलवा, आणि त्याच वेळी ताईला चहाला. त्याची तरफदारी करू नका, तिला संशय येईल; काम कच्चं की पक्कं, ते तिचं तिला बघू द्या. फक्त तिची खुर्ची अशी ठेवा, बाई, की तो काम करत असताना त्याचे हात तिला दिसतील.