होडी कुणी ठरवली?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांच्यावर माझा राग नाही. ती खोटी निघावी असं मलाच फार वाटतं.

१९९६ साल. दिवाळी नुकतीच झाली होती. रोह्याजवळ वरसे गावात, नदीच्या बाजूला, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी अनिता, आणि माझे मिस्टर प्रविण. हे कंपनीत ऑपरेटर होते. ह्यांच्याच शिफ्टला जनू नावाचा मित्र होता. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला. घरचं काम मिठागरावरचं. वडील नव्हते. आई सगुणाबाई आणि तो, दोघंच.

मुरुडच्या पुढे समुद्रात एक बेट आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. काळा कातळ, सरळ उभे कडे, वर गवताचं पठार. किनाऱ्यावरून बघितलं तरी नजर हटत नाही. एकदा लांबून पाहिलं आणि दोघांच्या डोक्यात बसलं, तिथे जायचंच. मलाही नेणार होते.

शिफ्ट सुटली की जनू आमच्याकडे यायचा. बाहेरच्या खोलीत बेत चालायचा. स्टोव्ह कोणाचा, तांदूळ किती, भाकऱ्या कोणी करायच्या. मी आत काम करता करता ऐकायचे. बरं वाटायचं. लग्नानंतर आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

रविवार ठरला. होडी ठरली. पहाटे निघायचं ठरलं.

गुरुवारी दिवेलागणीला मी चहा टाकला होता. बाहेर बोलणं चालू होतं.

"समोरून उतरायचं नाय. लाट आपटते. मागच्या अंगाला खाच हाय, तिथं होडी लावायची."

आवाज जड होता. म्हाताऱ्या माणसाचा. मला वाटलं, जनूनं गावातल्या कोणाला तरी माहिती सांगायला आणलंय. मी तीन कप भरून बाहेर गेले.

बाहेर...

दोघंच बसले होते.

"तिसरा कप कोणाला?" ह्यांनी विचारलं.

"ते खाचेचं सांगत होते, ते कुठे गेले?"

"अगं, ते तर जनू सांगत होता."

जनूनं ह्यांच्याकडे बघितलं. "मी कुठं बोललो? तूच बोललास ना."

"मी कधी गेलोय तिथं?"

"मग मी तरी कवा गेलोय?"

चहा तसाच राहिला.

मग जनूनं हळूच विचारलं, "प्रविण, होडी तू ठरवलीस ना?"

"नाही. मला वाटलं तू ठरवलीस. तुझ्या ओळखीचा कोणी असेल."

"माझ्या वळखीचा कोण नाय तिकडं."

"मग पहाटे होडी येईल, हे कोण म्हणालं?"

कोणीतरी म्हणालं होतं. दोघांनाही आठवत होतं. ह्याच खोलीत. दोघांनी माना डोलावल्या होत्या. दोघांनाही वाटलं होतं, बोलतोय तो दुसरा.

आणि रोज संध्याकाळी एक जडसा आवाज मीही ऐकत होते. शेजारचा रेडिओ असेल म्हणून सोडून देत होते.

जनू उठून उभा राहिला. रिकाम्या खोलीला सांगावं तसं म्हणाला, "आम्ही येत नाय. बेत मोडला."

आणि माझ्या पाठीमागून, ज्या स्वयंपाकघरातून मी आत्ताच आले होते तिथून...

"होडी येईल."

आम्ही तिघंही रस्त्यावर धावलो.

जनूला मी रात्री थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "नको वहिनी, आय घरात एकटी हाय." पेणची एस.टी. मिळाली तशी तो बसला. खिडकीतून हात केला नाही. समोरच बघत होता.

शुक्रवार, शनिवार काही झालं नाही. जनू कामावर आला नाही, पण हे म्हणाले, घाबरलाय, राहू दे. मी रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, नारळ ठेवून आले.

रविवारी पहाटे मला जाग आली ती वासानं. खाडीच्या चिखलाचा वास. अख्खी खोली भरली होती.

नदीच्या बाजूनं कोणीतरी हाक मारली...

"चला."

हे उठले. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते. दाराकडे चालू लागले. मी मागून कमरेला मिठी मारली. मला ओढत ओढत हे दारापर्यंत गेले. झटापट नाही, ओरडणं नाही. नुसते चालत होते. मला शेजाऱ्यांना हाक मारायची होती. तोंडातून आवाजच फुटेना.

उजाडेपर्यंत मी तशीच धरून होते. मग हे एकदम खाली बसले.

"अनिता, सकाळ झाली वाटतं. चहा टाक."

मी रडत रडत देवापुढे दिवा लावला. वाटलं, सुटलो.

दुपारी जनूचा चुलतभाऊ पोपट आला. दारातच उभा राहिला.

"जनू गेला, वहिनी. पहाटे उठून बांधावर गेला. काकी मागं धावली. खाडीला ओहोटी, नुसता चिखल. तरी होडी लागली व्हती म्हणते. काकीनं त्याचा हात धरला, तर म्हणाला, आये सोड, प्रविण आलाय न्यायला. काकीनं बघितलं, होडीत खरंच प्रविण बसला व्हता. त्यानं काकीला हात बी केला. ती ओळखीचं माणूस बघून..."

पोपट बोलता बोलता थांबला. आत खुर्चीवर हे बसलेले त्याला दिसले होते.

"हे घरात होते," मी म्हणाले. "मी धरून होते ह्यांना."

"काकीनं हात सोडला ना, वहिनी," तो एवढंच म्हणाला.

पोलीस झाले, कोळ्यांच्या होड्या फिरल्या, बेटावरही माणसं जाऊन आली. जनू मिळाला नाही. त्याचं काहीच मिळालं नाही.

महिन्याभरानं आम्ही सगुणाबाईंना भेटायला गेलो. ह्यांनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही. मला हाताला धरून बांधावर नेलं. खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तू धरून ठेवलंस ते बरं केलंस गो," त्या म्हणाल्या. "मी चुकले. मी सोडलं." मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "पण तुझ्या मिठीत व्हता तो कोण, ते तू नीट बघितलंस का?"

सगुणाबाई आता नाहीत. आम्ही स्वतःचं घर बांधलं. दोन मुलं झाली. माणूस चांगला आहे. कधी आवाज चढवत नाही, मुलांवर जीव टाकतो. मानेवरचा तीळ तोच, खोकला तोच, सही तीच. जनूचं नाव त्या दिवसापासून एकदाही काढलेलं नाही, पण ते दुःखामुळेही असेल.

मी आजही हे झोपले की बघत बसते. काहीच वेगळं सापडत नाही.

आणि सापडलं, तर मी काय करणार आहे?