हारुनच्या बोटांचे ठसे

टोकन बेचाळीसचा माणूस काचेवर चार बोटं टेकवून उभा होता, आणि यंत्राचं म्हणणं असं, की या माणसाला बोटंच नाहीत.

तस्लीम वोरानं पडद्यावरची लाल पट्टी पाहिली, काच पुसली आणि पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा लाल. अहमदाबादच्या त्या व्हिसा केंद्रात ठसे घ्यायच्या टेबलावर तिला तीन वर्षं झाली होती. शिकायला निघालेली पोरं, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, गिऱ्हाईक गाठायला निघालेले व्यापारी... दिवसाकाठी शंभर माणसांची बोटं ती काचेवर दाबायची. तिला बोटं बघायची सवय होती, चेहरे बघायची नव्हती. या वेळी मात्र तिनं मान वर केली.

"जरा दाबून ठेवा ना, भाई."

"मघाशी म्हणालात, हलकेच ठेवा. एक काय ते ठरवा, बेन."

तिनं त्याचा हात उलटा करून पाहिला. नखं मुळापर्यंत निळी, आणि बोटांची टोकं साबणाच्या उरलेल्या चिपेसारखी गुळगुळीत.

"काम काय करता?"

"अजरखचं कापड छापतो. भुजजवळ गाव आहे. चुना, सोडा, नीळ... हात दिवसभर त्यातच." तो हसला. "सात पिढ्या कापडावर ठसे उठवतोय. स्वतःचे उठवायची वेळ आली तर ही बोंब."

तस्लीमला हसू आलं, ते तिनं दाबलं. कोपऱ्यात कॅमेरा होता आणि शेजारच्या टेबलावर हेतल होती. दोघांच्या नजरेतून काही सुटत नसे. तस्लीमनं त्याचं एकेक बोट हातात धरून, पुसून काचेवर टेकवलं. दहांतली तीनच उठली. एरवी हे काम एका मिनिटाचं, त्या दिवशी दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं तिला जड गेली नाहीत.

नाव हारुन खत्री. डिसेंबरात मिलानला मेळा होता. आजवर त्यांचं कापड दिल्लीचा एक व्यापारी न्यायचा आणि तिथं स्वतःच्या नावानं विकायचा. यंदा आमंत्रण थेट हारुनच्या नावानं आलं होतं. हे सांगताना त्यानं आवाज इतका खाली आणला, की जणू मोठ्यानं बोललं तर ते पत्र परत जाईल.

"तीन आठवडे चुन्यात हात घालू नका. रात्री तूप चोळून झोपा. मग या," ती म्हणाली. आणि नियमात कुठंही बसत नसताना तिनं चिठ्ठीमागं स्वतःचा नंबर लिहिला. "सुधारतायत का ते... फोटो पाठवत जा. उगाच हेलपाटा नको."

"उगाच हेलपाटा नको हं," हेतल दिवसभर तिला चिडवत राहिली.

मग रोज दुपारी दोन वाजता तस्लीमच्या मोबाइलवर एक अंगठा येऊ लागला.

"आज हात कुठे होते?" ती लिहायची.

"खिशात. अम्मी म्हणते, नवाब झालाय पोरगा."

"तूप लावलं?"

"लावलं. आता घरातलं मांजर रात्रभर माझा हात चाटतं. त्याच्याही पंजाचा फोटो पाठवू का?"

दुसऱ्या आठवड्यात लिहिण्याचं बोलणं झालं. तो हौदाच्या कडेला बसून बोलायचा, मागून कापड आपटल्याचा आवाज यायचा. मंजिष्ठेचा लाल कुठल्या पाण्यात खुलतो, कुठल्या पाण्यात रुसतो, असलं काहीबाही सांगायचा. तीही बडबडायची — दहा बोटं म्हटल्यावर चपला काढून उभे राहिलेले काका, नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आलेली आणि काचेवर हात ठेवून उभ्याउभ्या पेंगणारी पोरगी. बोलता बोलता त्याचं 'बेन' म्हणणं कधी गळून पडलं, ते त्याला कळलंही नसेल. तिला मात्र वार ठाऊक होता. गुरुवार होता.

रेषा परत येत होत्या. आधी करंगळीच्या, मग मधल्या बोटाच्या. सोमवारच्या फोटोत अंगठ्यावरचा भोवरा इतका स्पष्ट होता, की तस्लीमनं तो मोठा करून तीनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो येणार होता.

त्याच संध्याकाळी शाहपूरची बेकरी बंद करून आलेले अब्बा तिच्याशेजारी बसले. इंग्लंडातल्या प्रेस्टनहून स्थळ आलं होतं. मुलगा औषधांच्या दुकानात नोकरीला, घर ओळखीचं, नाव ठेवायला जागा नव्हती.

"मी जुन्या वळणाचा असेन, पण आंधळा नाही," अब्बा म्हणाले. "दुपारी दोनला तुझा चेहरा बदलतो म्हणे, हेतल सांगत होती. मनात कोणी असेल तर आज सांग. लोकांना हो म्हटल्यावर मला तोंडघशी पाडू नकोस."

"उद्यापर्यंत थांबाल, अब्बा?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "उद्यापर्यंत थांबतो."

मंगळवारी तिनं अबोली ओढणी घेतली. हेतलनं भुवया उडवल्या, पण त्या दिवशी तिचीही चिडवायची छाती झाली नाही. हारुन आला. तस्लीमनं त्याचा हात काचेवर ठेवला... लाल. दुसरा हात. लाल. तिनं बोटं उलटी करून पाहिली. कालचा भोवरा गायब, कातडी पांढरी पडलेली, आणि तिला चुन्याचा वास आला.

"हे काय केलंत?"

"काम... अडलं होतं," तो खाली बघत म्हणाला.

एकवीस दिवस जपलेली बोटं या माणसानं एका दुपारच्या कामासाठी घालवली. ज्याला स्वतःच्या मेळ्याची पर्वा नाही, त्याला आपली काय असणार? तरी जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेली. तो तिथंच होता. त्यानं दोन कटिंग मागवले. बसची गर्दी झाली, भुजचा उकाडा झाला, रंगांचे भाव झाले. चहा गार झाला तरी तो मुद्द्यावर येईना. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, आणि मनात म्हणत होती — आता विचार, आता तरी विचार.

"पुन्हा तीन आठवड्यांनी... येऊ ना?" एवढंच तो म्हणाला.

"यावंच लागेल. ही शेवटची तारीख समजा. नंतर मेळ्याआधी व्हिसा हातात पडायचा नाही."

संध्याकाळी अब्बा दारातच उभे होते. "काय सांगतेस?"

"कोणी नाही, अब्बा. त्यांना हो कळवा."

फोटो येतच राहिले. तिनं उत्तर दिलं नाही. प्रेस्टनची माणसं आली, पेढे वाटले गेले, बोटात अंगठी आली. मुलगा सभ्य होता, हळू आवाजात बोलायचा. त्याच्याविरुद्ध तिच्याकडे एक शब्द नव्हता, आणि त्याचंच तिला रडू यायचं.

तिसऱ्या खेपेला हारुन नवा सदरा घालून आला होता. काचेवर डाव्या हाताची चार बोटं ठेवली आणि पट्टी हिरवी झाली. चारही ठसे पडद्यावर उमटले, रेष न् रेष मोजावी असे. तस्लीमनं तीन वर्षांत इतके सुंदर ठसे पाहिले नव्हते.

"रागावलात ना चुन्यावरून?" तो पुटपुटला. "खरं सांगू का... काम काही अडलं नव्हतं."

"उजवा हात ठेवा."

त्यानं ठेवला. "सोमवारी फोटो पाठवल्यावर मी मुद्दाम चुन्याच्या हौदात हात घातला. तासभर बुडवून बसलो. वाटलं, उद्या ठसे उठले की दोन मिनिटांत काम संपेल, मग पुन्हा यायला निमित्त काय? मला अजून एक खेप हवी होती. घरी सांगायचं होतं, अम्मीला तयार करायचं होतं. रिकाम्या हातानं कसं विचारणार?" त्याचे कान लाल झाले होते. "आता ती तयार आहे. तुमच्या अब्बांना भेटायला पुढच्या शुक्रवारी येते म्हणते... तुम्ही हो म्हणालात तर."

उजवा हातही हिरवा झाला. तस्लीम पडद्याकडं बघत राहिली. त्याच्या बोटांवर तिचा हात होता आणि त्या हातातली अंगठी त्यानं आत्ता पाहिली.

मागच्या रांगेत कुणाचं तरी मूल किरकिरत होतं.

"कधी?" त्यानं विचारलं.

"झाले... थोडे दिवस."

"मी त्या मंगळवारी विचारलं असतं तर?"

तिला सगळं दिसलं. अबोली ओढणी, गार झालेला चहा, दारातले अब्बा. खरं उत्तर एका शब्दाचं होतं — हो. पण तो शब्द याला दिला, की हा तो मिलानला घेऊन जाईल, परत घेऊन येईल, आणि जन्मभर दर वेळी हौदात हात घालताना त्याला तो आठवेल. तिचं या माणसावर प्रेम होतं. हे तिनं स्वतःशीही आजवर इतकं स्पष्ट म्हटलं नव्हतं.

"तरी हेच झालं असतं," ती म्हणाली. "घरचं आधीच ठरलं होतं. मीच बोलले नाही. माझी चूक."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं दीर्घ श्वास सोडला. डोळे भरलेले होते, पण खांद्यांवरचं काहीतरी उतरलं होतं. "मग... बरं. मला वाटलं, माझ्याच हातानं घालवलं."

"छे, तुमच्या हाताचा काय दोष? अंगठे ठेवा दोन्ही."

तिनं दोन्ही अंगठे धरले, काचेवर नीट टेकवले आणि गरजेपेक्षा क्षणभर जास्त धरून ठेवले. काम झालं. पंधरा दिवसांत पासपोर्ट घरपोच येईल, असं तिनं सांगितलं, पावती दिली, आणि मेळ्यात कापडाखाली स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, असंही सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दाराबाहेर गेला.

पुढचं टोकन सदुसष्ट होतं. तस्लीम ते पुकारायचं सोडून काच पुसत राहिली. हेतलनं तिच्याकडं पाहिलं आणि तिच्याऐवजी आकडा पुकारला.