दिफुंताला वाहिलेलं पाणी

एलिसेओ पाइनेमालची त्या दिवशी एकच खेप उरली होती. चौदा दिवस टँकर चालवून झाला होता, आता सात दिवस सुट्टी. आन्येलो गावात घरी यानीना वाट बघत होती आणि चाळीस दिवसांची मिली. नव्या तेलविहिरीत दाबानं पाणी घालून खडक फोडला, की पहिले काही आठवडे तेलाआधी तेच पाणी उलटून वर येतं, खालचं मीठ सोबत घेऊन. ते भरायचं आणि लांबच्या डेपोवर नेऊन ओतायचं, एवढंच त्याचं काम.

विहिरीवरचा म्हातारा आनिबाल एका हातानं नळी जोडत होता, दुसऱ्या हातात त्याचा 'माते' नावाच्या कडू चहाचा भोपळा.

"नवस फेडलास का रे?"

"आज फेडतो."

"बायको दोन दिवस अडली होती, तेव्हा दिफुंताचे पाय सोडत नव्हतास. आता पोरगी चाळीस दिवसांची झाली."

"वाटेवरच आहे ना ती. पळून जातेय का कुठं?"

"ती कशाला पळेल? पळपुटा तू आहेस." आनिबालनं टँकरवर थाप मारली. "आणि हातमोजे घाल. हे पाणी समुद्रापेक्षा खारट आहे. माझा कुत्रासुद्धा वास घेऊन मागं सरतो."

दिफुंता म्हणजे पोटाशी तान्हं घेऊन माळावर तहानेनं मेलेली आई. ती मेली, पण तिच्या छातीला लागलेलं बाळ दूध पीत जगलं. म्हणून ट्रकवाले तिला फुलं वाहत नाहीत, पाणी वाहतात. एलिसेओनं सकाळीच दुकानातून एक बाटली घेतली होती. पण गाडीचा एसी बंद, तिथल्या भर उन्हाळ्यातलं फेब्रुवारीचं ऊन, आणि माणूस विसराळू. चाळिसाव्या किलोमीटरवर तिची देवळी दिसली तेव्हा त्यानं शेजारच्या सीटवर हात घातला, तर बाटली रिकामी. आपणच घोट घोट करत संपवली, हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घड्याळात संध्याकाळचे साडेसात, सूर्य अजून वर. आठला डेपोचं फाटक बंद होणार होतं. पाणी आणायला परत फिरायचं म्हटलं तर सुट्टीचा एक दिवस गेला. तो टँकरच्या मागं गेला आणि खालचा नळ जरासा उघडला. बाटलीत पाणी भरलं. दिसायला स्वच्छ होतं. रॉकेलसारखा वास येत होता, पण झाकण लावल्यावर तोही गेला.

"पाणीच तर आहे," तो स्वतःशीच पुटपुटला.

देवळीभोवती शेकडो बाटल्या मांडलेल्या होत्या. त्यानं आपली सगळ्यांत पुढं ठेवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि वळला. तेवढ्यात वारा थांबला. त्या माळावर वारा कधीच थांबत नाही. लांबवर ड्रिलिंगचा मनोरा दिसत होता, त्याची घरघरही ऐकू येईना. आणि मागून आवाज आला... घटक्, घटक्, घटक्. खूप दिवसांच्या तहानेलेल्यानं प्यावं तसा, श्वास न घेता.

मग थांबला. मग कोणीतरी थुंकलं.

एलिसेओनं मागं पाहिलं नाही. त्याला भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी, आणि तो गाडीत चढला.

डेपोत टँकर रिकामा करून त्यानं तिथल्या स्वयंपाकघरातून गोड्या पाण्याच्या सहा बाटल्या उचलल्या. परत देवळीशी आला तेव्हा सूर्य मावळत होता. त्याची बाटली जागेवरच होती. झाकण घट्ट, आत थेंब नाही, आणि काचेवर गळ्यापर्यंत मिठाचा पांढरा थर. त्यानं सहाही बाटल्या उघडून देवळीपुढं ओतल्या.

"माफ कर गं आई, चुकलो," तो म्हणाला. बराच वेळ थांबला. पाणी जमिनीवर तसंच उभं राहिलं. त्या भेगाळल्या मातीनं ते प्यायलंच नाही.

घरी पोचला तेव्हा यानीना दारातच उभी होती.

"हळू बोल. मिली आत्ताच शांत झालीय. तू आधी आला असतास तर त्या बाईची भेट झाली असती."

"कोणाची?"

"बाई आली होती एक, धुळीनं माखलेली. साडेसात झाले असतील. पाणी मागितलं. मी तांब्या दिला तर नुसती चूळ भरत बसली. म्हणाली, तोंड खारट झालंय, जातच नाही. दुसरा तांब्या आणायला आत गेले, तेवढ्यात मिली रडली." यानीनाचा आवाज खाली गेला. "बाहेर आले तर त्या बाईनं मिलीला छातीशी घेतलेलं. मी ओरडणारच होते रे... पण पोरगी इतकी पोटभर पीत होती."

"आणि मग?"

"मग काय. तेव्हापासून माझं घेत नाही. तोंड फिरवते."

एलिसेओ पाळण्यावर वाकला. मिली जागी होती. तिच्या ओठांच्या कडेला दूध वाळून पांढरी रेघ उमटली होती. त्यानं ती बोटानं पुसली आणि बोट जिभेला लावलं. मीठ. आणि मागोमाग रॉकेलचा वास.

"यानीना, दार लाव."

"लावून काय करू? ती येणार आहे परत. म्हणाली, बाळाला भूक लागली की येईन."

पाळण्यात मिलीनं दाराकडं मान वळवली आणि ओठ चोखू लागली.