चार टोप्या तेल

अमळनेरला धुळे रस्त्यावर, सरकीच्या गोदामाच्या भिंतीला टेकून दीपकचं गॅरेज आहे. दीपक जाऊन तीन वर्षं झाली, तरी पाटीवर नाव त्याचंच. त्याच्या आईने, वच्छलाबाईने, ते खोडू दिलं नाही आणि तिच्यासमोर रंगाचा ब्रश हातात धरायची कोणाची छातीही नव्हती. गॅरेज आता हाशम चालवतो. तो दीपकचा लहानपणापासूनचा दोस्त. पण दारातल्या खुर्चीवर सकाळी नऊपासून वच्छलाबाई बसते. ती असली की गिऱ्हाईक आवाज चढवत नाही आणि चहाला गेलेला हाशम वेळेत परत येतो.

इथलं काम जरा वेगळं. भंगारात निघालेल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची इंजिनं उतरवायची, रॉकेलमध्ये धुवायची आणि लोखंडी पाइपाच्या सांगाड्यावर बसवून गुडघ्याएवढ्या मोटरसायकली नाहीतर चारचाकी कार्ट बनवायच्या. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, तिथे त्यांच्या फेऱ्या चालतात.

या इंजिनांचं एक असतं. त्यांना तेल वेगळं देत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. कोरं पेट्रोल गेलं तर पिस्टन तापतो आणि जागीच धरतो. दीपक होता तोवर ते तेल मिसळणं वच्छलाबाईकडे होतं. शाळा तिची दुसरीपर्यंत, तीही मास्तरांना उलट बोलून सोडलेली. पण खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी तिने धरून ठेवली होती. लीटरभर पेट्रोलला चार टोप्या. मिसळून झालं की डब्याच्या कडीला लाल दोरा. दोरा असेल तोच डबा टाकीत ओतायचा.

"कॉलेजची पोरं पुस्तकं घेऊन येतात अन् इंजिनं जाळून जातात," ती म्हणायची. "माझ्या हातचं एक तरी जळालं का, दाखवा."

एक जळालं होतं.

त्या दिवशी तिने दोरा आधी बांधला. तेलाची बाटली घ्यायला वळली आणि तेवढ्यात सून योगिता कसल्याशा बोलण्यावर उलटून काही म्हणाली. वच्छलाबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. भांडण संपलं तेव्हा तेल राहून गेलेलं होतं आणि ते लक्षात यायचंही राहून गेलं होतं. योगिताने दोरा पाहिला, डबा उचलला, नवऱ्याच्या नव्या छोट्या मोटरसायकलच्या टाकीत ओतला. दीपक गाडी पळवून बघायला धुळे रस्त्याने गेला. तिसऱ्या किलोमीटरला पिस्टन धरला, मागचं चाक अडकलं, तो फेकला गेला. मागून कापसाचा ट्रॅक्टर येत होता.

निरोप आला तसं घर मोकळं पडलं, सगळे रस्त्याकडे धावले. वच्छलाबाई गॅरेजात गेली. डबा हुंगला. मग कडीचा दोरा दाताने तोडून पाणी तापवायच्या बंबात टाकला.

तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, तिने तो डबा योगितासमोर ठेवला. "दोरा कुठे शे याले?"

"होता हो आई. मी पाहिला होता."

"कुठे शे, दाखव."

"होता..."

"डोळे होते का तुले?"

योगिता त्या कडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नसेल मग."

तेरावं झाल्यावर भाऊ येऊन तिला पाचोऱ्याला माहेरी घेऊन गेला. चार वर्षांच्या मुलीसकट. त्यानंतर इकडून तिकडे एक फोन गेला नाही.

या वर्षी यात्रेसाठी चार कार्ट सांगितल्या होत्या. तीन इंजिनं भंगारात मिळाली, चौथं मिळेना. हाशम दोन दिवस घुटमळला. शेवटी म्हणाला, "अक्का, कोपऱ्यात ते आहे... एम-एटी गाडीचं. ब्लॉक गेला असेल, पण बाकी माल कामाचा आहे."

दीपकला ज्याने पाडलं तेच इंजिन. पोत्याखाली तीन वर्षं पडलेलं.

नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. "लोखंडच शे ते," वच्छलाबाई म्हणाली. "त्याले काय पुजायचं शे का?"

हाशमने त्यात डिझेल सोडलं, लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारला. पिस्टन सुताएवढा हलला नाही. तीन दिवस खपून त्याने नाद सोडला.

सोमवारी दुपारी ते बाजूला सरकवताना त्याचा पाय किकवर पडला. किक सरळ खाली गेली.

"अक्का!"

त्याने हेड उघडलं. आतली भिंत खरवडलेली असायला हवी होती. ती आरशासारखी होती आणि तेलाने ओली. हाशमने बोट फिरवलं, हुंगलं. हात पुसायचं फडकं बराच वेळ हातातच राहिलं.

मंगळवारी इंजिन सांगाड्यावर चढलं. पहिल्या किकला चालू झालं. निळसर धूर गॅरेजभर पसरला, तेल जळाल्याचा तो जुना गोड वास. वच्छलाबाईने पदर नाकाला लावला. वासाचा त्रास तिला कधीच नव्हता.

हाशमने इंजिन बंद केलं. "तेल तुम्ही टाकलं का, अक्का?"

"मी तीन वर्षांत बाटलीले हात लावला का?"

"मग? मी तर अजून कोरंच भरलंय. नुसतं चालतं का बघायला, मिनिटभर." त्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. तेल असलं की रंग बदलतो. रंग बदलला नव्हता.

"मग हा धूर कसला?" हाशम म्हणाला. सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडत होते. त्याने खाली चहाची बशी ठेवली.

बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. हाशम त्या कार्टकडे पाठ करून काम करू लागला. वच्छलाबाईने खुर्ची फिरवून तोंड तिकडे केलं.

शुक्रवारी तो नमाजला गेला आणि ती उठली. कपाटामागून मापाची टोपी काढली, धुतली. आदल्या दिवशी टाकीत बरोबर लीटरभर कोरं पेट्रोल तिने हाशमकडून भरून घेतलं होतं आणि खाली रिकामी बशी ठेवून ते पुरतं जळू दिलं होतं. बशी काठापर्यंत भरली होती. ती खाली बसली आणि बशीतलं तेल टोपीत ओतायला लागली.

एक. दोन. तीन.

चौथी टोपी काठोकाठ भरली आणि बशी कोरडी झाली.

पोरगा आहे, तिला वाटलं. आईचं राहिलेलं काम पोरगा करतो आहे. रोज, मुकाट्याने. तिने सायलेन्सरवर हात ठेवला. "दीपक," ती म्हणाली, "बस कर रे बाबा." तीन वर्षांत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. आताही पाहायला कोणी नव्हतं.

मग तिने फोन काढला. नंबर पाठ होता.

पाचोऱ्याला योगिताच्या आईने उचलला.

"याहीणबाई," वच्छलाबाई म्हणाली, "योगिताले द्या."

"आता नाही यायची ती. बसलेली आहे."

"कुठे बसेल शे?"

"आमच्या योगिताचं तुम्हाला काय माहीत?" पलीकडचा आवाज एकदम फुटला. "तीन वर्षं झाली. रोज दुपारी बाटलीभर पेट्रोल घेऊन बसते, त्यात चार टोप्या तेल मोजते. 'आज विसरले नाही' म्हणते आणि मग उठते. भाजीत मीठ टाकलं का म्हणून चार वेळा विचारते. दाराला कडी लावली की पोरीला बोलावून दाखवते. पोर सात वर्षांची, तिच्याकडून होकार घेते ती. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला तिचा."

वच्छलाबाईची नजर भरलेल्या टोपीवर गेली.

"अन् आता हे नवं. सोमवारपासून."

"काय नवं?"

"चार टोप्या ओतते. मी शेजारी बसून बघते. पण बाटलीत काही चढत नाही. रंगही बदलत नाही. तेल जातं कुठे, देव जाणे."

रस्त्यावरून एसटी गेली. गॅरेजचे पत्रे थरथरले आणि थांबले.

म्हणजे तेल देणारा दीपक नव्हता.

"फोन द्या तिले," वच्छलाबाई म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

हे शब्द तिने जन्मात कोणाला म्हटले नव्हते. पलीकडे पावलं वाजली. मग श्वास ऐकू आला.

"योगिता."

"आई."

"दोरा व्हता."

श्वास थांबला.

"मीच बांधेल व्हता. तेल टाकेल नव्हतं. तुम्ही रस्त्याकडे धावले तव्हा... मीच तोडला. बंबात टाकला."

मग अगदी हळू, लहान मुलीने विचारावं तसं,

"लाल होता?"

"लाल व्हता."

"कडीला?"

"कडीले."

"म्हणजे मला दिसला होता."

"दिसेल व्हता, बाई. तुले बठ्ठं, सगळं बरोबर दिसेल व्हतं."

वच्छलाबाई शिवी ऐकायला तयार होती. तिला शिवी हवी होती. पण योगिता रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग आता मी टाकायला नको ना?"

"नको."

"बरं," योगिता म्हणाली. फोन ठेवताना तिने पुढे जोडलं, "परत फोन करू नका, अक्का."

आई नाही. अक्का. गिऱ्हाइकं म्हणतात तसं.

वच्छलाबाईने किकवर हात दाबला. दोन्ही हातांनी दाबला. किक दगडासारखी बसली होती.

हाशम परत आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. दोरा, बंब, पाचोरा, सगळं. तो ऐकत राहिला. दीपकची तिरडी त्याने धरली होती. योगिताला पहिला दोष देणाऱ्यांत तोही होता. तो उठून नळावर गेला आणि आधीच स्वच्छ असलेले हात किती तरी वेळ धूत बसला. त्यानंतर कामापुरतंच बोलला.

पुढच्या सोमवारी तीन कार्ट यात्रेला न्यायच्या होत्या. चौथी नाहीच. पेट्रोलचा डबा तयार करायला हाशम निघाला तर वच्छलाबाईने तो ओढून घेतला.

"मी करते. माझं काम शे."

तो बाहेर कार्ट बांधायचे दोर आवळत होता. तिने नव्या तेलाची बाटली घेतली, टोपी भरली, ओतली. मोठ्याने मोजलं, त्याला ऐकू जाईल असं. एक, दोन, तीन, चार. डब्यात डोकावली. पेट्रोल होतं तेवढंच होतं. रंग होता तोच होता.

तिने पुन्हा चार ओतल्या. मोजून.

पुन्हा डोकावली.

"हाशम," तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी तेल टाकलं ना रे?"

तो आत आला. डब्यात पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग फळीवरची तीच नवी तेलाची बाटली उचलून उजेडात धरली आणि झाकणावर अंगठा फिरवला.

"अक्का," तो जपून म्हणाला, "सील तर तुटलंच नाही."

तिने हात पुढे केला, त्याला दाखवायला. बोटांपासून मनगटापर्यंत हात तेलाने निथळत होता. हाशम त्या हाताकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट कळत होतं, की त्याला तो कोरडा दिसतो आहे.